बारा दारं, एक रेघ

कारखान्यात तिला सगळे पुट्टीताई म्हणायचे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही. एकोणीस वर्षं ती पॉलिशच्या खोलीत होती. फर्निचरचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पुढच्या भागात लाकूड कापायचं, मधल्या भागात जोडायचं, आणि पार मागे, धुळीला वाट मिळू नये म्हणून काचेच्या दाराआड, पॉलिश. बोर्ड तिच्याकडे पोचायचा तेव्हा त्याची कड बहुतेक वेळा उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. वरचा लाकडाचा पापुद्रा जिथे जिथे उडालेला असे तिथे ती पुट्टी भरायची. पुट्टीत आधी रंग मिसळायची, वाळल्यावर घासायची, आणि मग दोन केसांच्या ब्रशनं त्यावर लाकडाच्या रेषा ओढायची. त्या इतक्या बेमालूम असत, की ज्यांनी ती कड फोडलेली असायची ते मिस्त्रीच त्याच कडेवरून हात फिरवून म्हणायचे, "बघा, लोण्यातून सुरी फिरावी तशी कापलीय."

"हो ना," ती म्हणायची आणि ब्रश थिनरमध्ये बुडवायची.

मिस्त्री कारखान्यातले सगळ्यात जुने. लाकूड कापायचं हातात धरायचं मशीन, गोल पात्याचं कटर, गेली बारा वर्षं त्यांच्याशिवाय कुणी उचललं नव्हतं. ते ज्या जागी उभे राहून कापायचे तिथल्या फरशीवर नखांच्या ओरखड्यांसारख्या वाकड्या खुणा होत्या. काप संपला की मिस्त्री पातं थांबायची वाट न बघता मशीन खाली टेकवत, आणि पातं जाता जाता फरशी चाटून जाई. त्यांच्या पँटीला मांडीवर एक ठिगळ होतं. त्याचा विषय निघाला की ते म्हणत, "कापड गेलं, मांडी राहिली. नवीन मांडी कुठल्या दुकानात मिळते?" आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसत.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना चहाच्या वेळी बोलावलं. मालक तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, वडिलांमागे कारखाना सांभाळणारे. त्यांना वाईट बातमी सांगताना कानाची पाळी ओढायची सवय होती. ते पाळी ओढतच म्हणाले की पुढच्या महिन्यापासून बोर्ड बाहेरून पॉलिश होऊनच येतील. आपण फक्त कापायचे आणि जोडायचे. पॉलिशची खोली बंद.

जोडकाम करणारे दोघे भाऊ, ज्यांना सगळे 'जोडी' म्हणत, एकदम पुट्टीताईकडे बघायला लागले. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मग मी कापते," ती म्हणाली.

जोडीतला धाकटा हसला आणि थोरल्यानं कोपर मारल्यावर गप्प झाला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काय कापता? भाजी?"

"भाजी घरी कापते. इथे बोर्ड कापेन."

"ताई, ते मशीन आहे. ब्रश नाही. पाच किलोचं धूड हातात थरथरतं."

"एकोणीस वर्षं तुमच्या कडा भरतेय, मिस्त्रीदादा. कड कुठे फुटते आणि कशी फुटते ते या शेडमध्ये माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही."

यावर मिस्त्रींनी चहा फुंकायला सुरुवात केली. तो कधीच निवला होता.

मालकांनी कान सोडला. त्यांच्याकडे एक अडलेलं काम होतं. डोळ्यांच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात चोवीस फूट लांब भिंतीला बुटकी कपाटं बसवायची होती. बारा दारं. बाईंनी त्यासाठी एकाच ओंडक्यातून काढलेल्या व्हिनियरची, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या बोर्डांची, तीन शीट स्वतः निवडून ठेवली होती. लाकडाची रेघ पहिल्या दारापासून बाराव्या दारापर्यंत नदीसारखी अखंड वाहत गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चौथं शीट अस्तित्वातच नव्हतं. आणि वर लाकडाला नुसतं पारदर्शक तेल, रंग नाही. अशा तेलाखाली पुट्टीचा ठिपका अंगावरच्या कोडासारखा दिसतो, हे पुट्टीताईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दोन आठवड्यांनी शीट येतील," मालक म्हणाले. "तोवर रद्दी बोर्डांवर हात बसवा. बारा दारं, एकही टवका नाही, पुट्टीचा डबा बंद. जमलं तर कटरवर तुम्ही, आणि मिस्त्री पायऱ्यांचं आणि चौकटींचं काम बघतील, तेही खूप साठलंय. नाही जमलं तर…"

"तर मी माझे ब्रश घेऊन घरी जाईन," तिनं त्यांचं वाक्य पुरं केलं. ते कान ओढण्यापासून वाचले.

*

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन हातात घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याचा प्लग सॉकेटमधून काढून आपल्या खिशात खोचला. प्लग खिशात असला की मशीन आपल्यामागून कुणी सुरू करू शकत नाही. हे तिनं मशीनच्या खोक्यातल्या पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक बारा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, खिळ्यांच्या तळाशी.

"पुस्तक वाचून कुणी सायकल शिकलंय का?" मिस्त्रींनी लांबून विचारलं.

"सायकलला दात नसतात," ती म्हणाली.

पात्यावर खालच्या बाजूनं एक गार्ड असतं, अर्ध्या बांगडीसारखं. बोर्डात शिरताना ते आपोआप मागे सरकतं आणि काप संपला की स्प्रिंगनं परत येऊन पातं झाकतं. निदान पुस्तकातल्या चित्रात तसं होतं. इथे मिस्त्रींनी ते तारेनं वर बांधून टाकलं होतं, आणि तारेवर भुशाची इतकी पुटं बसली होती की ती मशीनचाच भाग वाटे. तिनं पक्कड आणली.

"अहो, तार का काढताय?" मिस्त्री आता जवळ आले. "गार्ड अडकतं मध्येच. काप वाकडा जातो. म्हणून बांधलंय."

"का अडकतं?"

"अडकतं म्हणून अडकतं."

तार तुटली तरी गार्ड जागचं हललं नाही. तिनं पातं काढलं, गार्डच्या कोपऱ्यात डोळा घातला आणि तिला ओळखीचं काहीतरी दिसलं: डिंक, भुसा आणि जुन्या पॉलिशचा राळेसारखा घट्ट लगदा. तिच्या ब्रशांच्या मुळाशी हाच बसायचा. तिनं चिंधीला थोडं थिनर लावलं, लोखंडाचा भाग तेवढा पुसला, प्लॅस्टिकला लागू दिलं नाही, दोन केसांचा ब्रश स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून फिरवला आणि मशीन उन्हात वाळत ठेवलं. तासाभरानं गार्ड मागे ओढून सोडलं तर ते टक्कन जागेवर आलं.

मिस्त्रींनी स्वतः ते एकदा ओढून सोडलं. मग आणखी एकदा. मग ते आपल्या चौकटींकडे गेले, पण त्या दुपारी त्यांनी तिसऱ्यांदाही येऊन ते ओढून बघितल्याचं जोडीतल्या धाकट्यानं पाहिलं.

मालकांकडून तिनं नवं पातं मागून घेतलं, साठ दात्यांचं. जुन्याला चोवीस होते, आणि त्यांतले किती शिल्लक होते ते देव जाणे. मोठे दात लाकूड पटकन खातात, बारीक दात चावून खातात, एवढं तिला आपल्या पॉलिशपेपरवरून कळत होतं. पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला आहेत हे तिनं बोट ठेवून बघितलं, नट घट्ट केला, पातं हातानं एकदा फिरवून कुठे घासत नाही याची खात्री केली, आणि मगच प्लग खिशातून बाहेर आला.

*

पहिला काप तिनं दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या रद्दी बोर्डावर, बरोबर मधोमध घेतला. मिस्त्रींना तिनं हजारदा असंच कापताना पाहिलं होतं. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे ती पात्याच्या रेषेत उभी राहिली नाही, डावीकडे सरकून उभी राहिली. निम्मा काप छान गेला. मग मशीनचा आवाज एकदम घोगरा झाला आणि ते जिवंत जनावर उसळावं तसं मागे उसळलं. तिनं बटण सोडलं. मशीन ती जिथे उभी नव्हती त्या जागेवरून मागे गेलं, आणि तिच्या दोन्ही हातांत लटकत थांबलं. गार्ड टक्कन बंद झालं.

सगळ्या शेडमध्ये हातोडे थांबले.

"आता कळलं?" मिस्त्री म्हणाले, पण आवाजात टोमणा नव्हता. चेहरा पांढरा पडला होता.

तिनं प्लग काढला. ती बोर्डाजवळ वाकली. "बोर्ड मधून खाली बसला," ती म्हणाली. "कापत गेले तशा दोन्ही कडा आतल्या बाजूनं जवळ आल्या आणि त्यांनी पातं चावलं. खाली आधारच नव्हता त्याला."

मिस्त्रींनी वाकून बघितलं. "बारा वर्षं मला वाटत होतं मशीनचा स्वभावच तसा आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं काचेच्या खोक्यांतून आलेलं जाड थर्माकोल गोळा केलं, कापणीच्या टेबलावर गादीसारखं पसरलं आणि बोर्ड त्यावर पूर्ण झोपवला. आता कापलेला कुठलाच भाग लटकणार नव्हता. पात्याची खोली तिनं अशी बांधली की ते बोर्डाखाली जेमतेम एका दात्याएवढं उतरेल. बोर्डावर तिनं अॅल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळली, म्हणजे मशीन तिच्या कडेला टेकून चालेल. पट्टीपासून पातं नेमकं किती लांब चालतं ते एक काप घेऊन मोजलं आणि तेवढ्याच रुंदीची लाकडी चिपटी घासून तयार केली. चिपटी रेषेला लावायची, पट्टी चिपटीला लावायची, संपलं. फूटपट्टीवरचे बारीक आकडे वाचायला चष्मा लागायचा, चिपटीला लागत नसे.

मशीन आता शहाण्यासारखं वागू लागलं. काप दोरीसारखा सरळ. आणि तरीही कडा फुटत होत्या.

आठ दिवस झाले. खोली बदलली, वेग बदलला, कापाच्या जागी चिकटपट्टी लावून बघितली. टवके कमी झाले, गेले नाहीत. शीट यायला पाच दिवस उरले होते. जोडीतला थोरला एकदा हळूच म्हणाला, "ताई, थोडीशी पुट्टी… कुणाला कळणार?" ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो खिळे मोजायला लागला.

*

घरी ती आणि तिचे सासरे दोघंच असत. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून आठवडाभर घरी यायचा आणि त्यातले दोन दिवस झोपायचा. सासरे, म्हणजे मामंजी, जन्मभर शिंपीकाम केलेले. आता डोळ्यांमुळे शिवण सुटली होती, पण मशीन खिडकीशी तसंच होतं आणि बोटांना गप्प बसवत नव्हतं. सून कटरवर जाणार हे कळताच त्यांनी तिच्यासाठी अंगाबरोबर बसणारा जाड सदरा अंदाजानंच शिवला होता. बाह्या कोपराच्या वर, खिसे बटणांचे, कुठे एक दोरा लोंबकळत नाही. "फिरत्या चाकाला सैल कापड आवडतं," ते म्हणाले होते. पॉलिशच्या हातमोज्यांनाही त्यांनी मनाई केली होती. पुस्तकातही तेच होतं, पण तिला ते मामंजींकडून ऐकायला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी तिनं फुटक्या कडेचे चार तुकडे पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. मामंजींनी एकेक तुकडा हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

"ही बाजू खरखरते," ते म्हणाले.

"चांगली बाजू आहे ती. वरची."

"आणि ही तर गुळगुळीत आहे की."

"ती मागची. तिला कोण बघतंय?"

मामंजींनी तुकडा उलटा केला, परत सुलटा केला. "सूनबाई, तू कापताना सुलटी बाजू वर ठेवतेस?"

"मग खाली ठेवून घासू का तिला?"

"आम्ही कापडावर खूण नेहमी उलट्या बाजूनं करतो. सुलटी बाजू आत. खडू लागायचा तो मागे लागू दे, कात्री घसरली तर मागे घसरू दे."

ती हातातला पाण्याचा पेला तसाच धरून बसली. एकोणीस वर्षं तिच्या हातांनी प्रत्येक बोर्ड चांगली बाजू वर करूनच ठेवला होता. पॉलिशवाल्याचा हात दुसरं काही करूच शकत नाही. चांगली बाजू खाली टेकलेली दिसली की ती आधी बोर्ड उलटायची. पण कटरचं पातं फिरतं कसं? दाते बोर्डात खालून घुसतात आणि वर निघतात. बाहेर पडताना वरचा पापुद्रा सोबत घेऊन जातात. ती उठली, पिठाच्या चाळणीखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, पातं काढलं, बाण काढला. मामंजींना तो कागद दिसत नव्हता, पण ते मान हलवत होते.

"खाली ठेव चांगली बाजू," ते म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेव. उलट्या बाजूनं खूण केली की डावं ते उजवं होतं. मी नवशिका असताना एका गृहस्थाच्या कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या."

"मग?"

"मग काय, उस्ताद म्हणाले, आता तसंच गिऱ्हाईक शोध."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींनी मात्र गंभीरपणे सांगितलं, की त्या दिवसापासून ते कापडाच्या काठावरच टाचणी लावत. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

सकाळी शेडमध्ये पोचल्यावर तिनं रद्दी बोर्ड उलटा केला, डोळे मिटून घ्यावेसे वाटत असताना उघडे ठेवले आणि कापला. थर्माकोलवरून तुकडा उचलून फिरवला. कड आरशासारखी होती. ती तिनं बोटानं तपासली, मग नखानं, मग गालाला लावून. मिस्त्री बघत होते म्हणून तिनं तो तुकडा त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला, मग परत दिला.

"बारा दारं कापायचीयत," ते म्हणाले. "एक तुकडा नाही."

पण दुपारी त्यांनी न सांगता तिच्या टेबलाचा हलणारा पाय पाचर मारून पक्का करून दिला.

*

शीट आली त्या दिवशी सगळे हात धुऊन आले होते, जणू पाहुणे यायचे होते. तिन्ही शीट भिंतीला ओळीनं लावली. मधासारख्या लाकडावर एक गडद रेघ डावीकडून निघत होती, मध्ये वळसा घेत होती, दोन जागी दुभंगून पुन्हा एक होत होती आणि पार उजव्या टोकाला उतरून जात होती. पात्याच्या जाडीएवढं लाकूड प्रत्येक कापात जाणार होतं, आणि दोन दारांमधली फटही तेवढीच ठेवायची होती. म्हणजे नीट कापलं तर रेघ फटीवरून उडी मारून पलीकडे बरोबर उतरणार. सरळ हिशेब होता. अपवाद फक्त शेवटच्या दाराचा. दवाखान्याच्या त्या कोपऱ्यात खांब असल्यानं बारावं दार चार इंच अरुंद होतं, आणि ते चार इंच तिसऱ्या शीटच्या अगदी उजव्या टोकातून कापून टाकायचे होते.

तिनं प्रत्येक शीटच्या डाव्या कडेच्या जाडीवर खडूनं छोटा बाण काढला. मामंजींची टाचणी. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

केस घट्ट बांधले, चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा चढवला, कानांत बोळे घातले. वायर खांद्यावरून मागे टाकली, म्हणजे पात्याच्या वाटेत येणार नाही. गार्ड एकदा ओढून सोडलं. टक्. जोडीनं पहिलं शीट पान उलटावं तसं उलटून थर्माकोलवर झोपवलं. चांगली बाजू खाली गेली तेव्हा ती परत वर करायला तिचा हात जुन्या सवयीनं पुढे आलाच.

चिपटी, पट्टी, क्लॅम्प. तिनं बटण दाबलं आणि पात्याचा आवाज चढून एका सुरात येईपर्यंत बोर्डाला स्पर्श केला नाही. मग पुढे सरकली. घाई नाही, थांबणं नाही. भुसा बारीक पिठासारखा उडत होता, त्यात थर्माकोलचे पांढरे दाणे. टोकाला पोचल्यावर बटण सोडलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन हललं नाही, आणि मगच तिनं ते उचललं. तीन काप, चार दारं. मग दुसरं शीट, तीन काप, चार दारं. मालक एव्हाना ऑफिसातून बाहेर येऊन उभे होते. हात कानाकडे गेला नव्हता.

दुसरं शीट संपलं तेव्हा तिचे खांदे भरून आले होते. ती पाणी प्यायला गेली. परत आली तर तिसरं शीट टेबलावर उलटं झोपलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीच्या चार स्वच्छ रेषा आखलेल्या होत्या.

"तुमचा हात दमलाय," मिस्त्री पेन्सिल कानावर खोचत म्हणाले. "म्हटलं तेवढंच काम हलकं. मापं दोनदा घेतलीयत."

टेबलाच्या पायाची ती पाचर सोडली तर एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला एक खिळा उचलून दिलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं मान हलवली, शेवटच्या रेषेला चिपटी लावली, पट्टी आवळली. ते चार इंच आधी काढून टाकावेत, म्हणजे मग फक्त दारं सुटी करायची उरतील. मशीन पट्टीला टेकवलं. बोट बटणावर गेलं, आवाज चढायला लागला.

तिची नजर एकदा शीटच्या कडेवरून फिरली. खडूचा बाण मशीनच्या पुढ्यातच होता, ज्या टोकातून चार इंच कापून टाकायचे होते त्याच टोकावर. बाण म्हणजे डावी बाजू. नववं दार इथून सुरू होणार होतं.

तिनं बटण सोडलं. पातं थांबेपर्यंत वाट बघितली. प्लग काढला.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"उलटं करा शीट. बघायचंय."

"आता? क्लॅम्प लावून झालेत ताई," धाकटा म्हणाला.

"तू उलट रे," थोरला म्हणाला.

क्लॅम्प सुटले. दोघांनी शीट उचलून उभं धरलं. तिनं पेन्सिलीच्या शेवटच्या रेषेवर एक हात ठेवला आणि दुसरा हात पलीकडून, चांगल्या बाजूवर, बरोबर त्याच जागी. तिथे गडद रेघ दुसऱ्या शीटमधून येऊन नुकती वळसा घेऊ लागली होती. हे चार इंच गेले असते तर वळसा गेला असता, आणि रेघ आठव्या दारावर येऊन भिंतीला धडकल्यासारखी थांबली असती.

मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात बघितले. तीस वर्षं त्यांनी चांगल्या बाजूवर, डावीकडून मापं टाकली होती. आज पहिल्यांदाच पाठीवर टाकली आणि तीही डावीकडूनच. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती तिच्यासमोर धरली.

"मापं दोनदा घेतली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन्हीदा चुकीच्या टोकानं. तुम्ही आखा, ताई."

तिनं पेन्सिल घेतली. "तुम्ही दुसरं टोक धरा," ती म्हणाली. "मापाची फीत माझ्या बाजूनं वाकतेय."

मिस्त्रींनी टोक धरलं. दोघांनी मिळून रेषा पुसल्या, दोघांनी मिळून आखल्या, आणि शेवटचे चार काप तिनं घेतले. सगळी शेड ऐकत होती. पातं शेवटी थांबलं तेव्हा आपला श्वास थांबला होता हे लक्षात येऊन जोडीतला धाकटा खोकला.

बारा दारं त्यांनी भिंतीपाशी ओळीनं उभी केली. मालक पहिल्या दारापाशी गुडघ्यांवर बसले आणि एकेका कडेवरून नख फिरवत बाराव्यापर्यंत बसल्या बसल्या सरकत गेले. पँटीचे गुडघे भुशानं पांढरे झाले. उठून त्यांनी नखाकडे बघितलं. नखाला काही अडकलं नव्हतं.

*

डॉक्टरबाई दारं बसवल्यावर बघायला आल्या. त्यांना बारीक दिसायचं, ते त्यांचं कामच होतं. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि मालकांचा हात कानाकडे गेला. बाई भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पुट्टीताई तेलाची चिंधी हातात घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिला वाटत होतं, आता एखादा टवका सापडेल. एखादा तरी असेलच.

"मी मघापासून शोधतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "की रेघ तुटते कुठे. सापडत नाहीये. कुणी कापलं हे?"

मालक तोंड उघडणार त्याआधी मिस्त्री पुढे झाले. "आमच्या ताईंनी," ते म्हणाले. "आम्ही नुसती फीत धरली."

डॉक्टरबाईंनी भिंग पिशवीत ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन तिचे हात बघायला मागितले. तिनं दाखवले. पॉलिशनं पिवळे झालेले, दहाच्या दहा बोटांचे. "छान," बाई म्हणाल्या, "असेच राहू देत," आणि मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या बहिणीच्या घरी एक भिंत आहे, तीस फुटांची.

पुढच्या सोमवारी ती शेडमध्ये आली तेव्हा दारातच एक अनोळखी माणूस हातगाडीवर पाच बोर्ड घेऊन उभा होता. शेजारच्या गल्लीतल्या सुतारानं पाठवलेला. तो घाम पुसत मिस्त्रींना विचारत होता, "इथे कापून मिळतं म्हणे, एकही टवका न उडता. कोण कापतं?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बोट केलं आणि आपल्या पायऱ्यांकडे वळले.

माणसानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं सदऱ्याची बटणं लावली, मोठा चष्मा चढवला आणि त्याच्या गाडीवरचा पहिला बोर्ड उचलून बघितला.

"चांगली बाजू कुठली?" तिनं विचारलं.

"ही."

"मग ती खाली ठेवा," ती म्हणाली, "आणि तुम्ही इकडे, माझ्या डाव्या हाताला उभे राहा. मागे नको."

तो सरकला. तिनं प्लग लावला, बटण दाबलं, आणि आवाज चढून एका सुरात आल्यावर पुढे निघाली.